विट्याच्या गलाईवाल्या काकांना, हेमकुंडच्या वाटेवरून परत फिरल्याबद्दल

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही विट्याकडचे, अमृतसरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं दुकान आणि तिथल्या सरदारजी मंडळींबरोबर हेमकुंडला, उत्तराखंडातल्या डोंगरावरच्या तळ्याकाठच्या गुरुद्वाऱ्याला आला होतात, एवढंच माहितीये. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, खानापूर-आटपाडीकडच्या कुणी वाचलं तर प्लीज काकांपर्यंत पोचवा.

मी साताऱ्याची. जूनमध्ये आई-आबांना घेऊन गेले होते. आबा ६१ वर्षांचे, रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येतात, पावसाळ्यातसुद्धा खाडा नाही, त्यामुळं घांगरिया या खालच्या मुक्कामाच्या गावातून ६ किलोमीटरचा चढ म्हणजे काय, आबा आपल्याआधी पोचतील असं आम्ही धरूनच चाललेलो. पण अजिंक्यतारा ३३०० फूट, इथं घांगरियाच १० हजार, आणि एकच रात्र काढून दुसऱ्या दिवशी एका दमात १४ हजारांच्या वर जायचं. पायातल्या ताकदीचा आणि विरळ हवा सोसण्याचा काही संबंध नसतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, टूरवाल्यांनी पण नाही. सकाळपासून आबांचं डोकं दुखत होतं, वाटेत चहा उलटून पडला, तर म्हणाले पित्त खवळलंय, होईल कमी. आणि मी ऐकलं! आजही त्याचं वाईट वाटतं.

वरच्या पायऱ्या दिसायला लागल्या तिथं आम्ही टेकलो. बाजूला बर्फ अजून तसाच साचलेला, आई पुढं गेलेली, मी फोटो काढत होते. आबा बुटाची लेस बांधत होते. तीनदा गाठ मारायला घेतली आणि तीनही वेळा टोक बोटांतून निसटलं, चौथ्यांदा ते नुसतेच लेसकडं बघत बसले. हे माझ्या लक्षातच आलं नाही, शेजारी बसलेल्या तुमच्या आलं. आयुष्यभर मुशीतल्या गुंजभर सोन्यावर नजर ठेवणारा माणूस, तुमच्या नजरेतून काय सुटणार.

"पाव्हणं, सातारचं का? जरा उठा बघू. ह्या दगडांवरनं टाचंला अंगठा लावून सरळ चाला." आबा दोन पावलं चालले आणि दरीच्या बाजूला कलले. तुम्ही दंड धरलात तो शेवटपर्यंत सोडलाच नाही. "पोरी, ह्यास्नी आता वर न्यायचं न्हाई. आत्ताच्या आत्ता खाली." आबा चिडले, इतक्या लांबून आलोय, थोडंसंच राहिलंय म्हणाले. त्यावर तुम्ही शांतपणे म्हणालात, "तळं काय पळून जातंय व्हय?"

मग कंडीवाल्याला गाठून तुम्ही आबांना त्याच्या पाठीवरच्या टोपलीत बसवलंत, स्वतःची शाल गुंडाळलीत आणि मला आईला आणायला वर पिटाळलंत. तुम्ही मात्र खाली निघालात, दर्शन न घेता. वर लंगरमध्ये खिचडी वाढून घेताना तुमच्यातल्या एका सरदारजींनी सांगितलं की २२ वर्षं अमृतसरला राहून तुम्ही पहिल्यांदा आला होतात, दरवर्षी दुकान सोडवत नव्हतं म्हणून राहून जायचं. ते ऐकलं आणि खिचडी घशाखाली उतरेना.

म्हणून तुमच्या वाटणीचं तळं मी तुम्हाला सांगते. मी कासचं पाणी पिऊन वाढलेली, तळं म्हटलं की मला कासच आठवतं, पण हे पाणी वेगळंच काका. काळपट हिरवं, काचेसारखं स्थिर, पलीकडच्या काठाला बर्फाचे थर थेट पाण्यात उतरलेले, धुकं मध्येच सगळं पुसून टाकायचं आणि परत दाखवायचं. एक म्हातारे सरदारजी त्या पाण्यात बुडी मारून आले, लालबुंद, थरथरत आणि हसत. बाजूला लक्ष्मणाचं छोटं मंदिर. मी हात घातला तर बोटं बधिर झाली, तरी तुमच्यासाठी एक बाटली भरून घेतली आणि आईला घेऊन धावतच खाली आले.

घांगरियात डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, म्हणाले मेंदूला सूज यायला लागली होती, वर गेले असते तर अवघड होतं, खाली उतरवलंत हेच खरं औषध. संध्याकाळी आबांनी स्वतःच्या हातानं लेस बांधून दाखवली. तुम्ही तोवर कोपऱ्यात स्टुलावर बसून होतात, ते बघितलंत आणि "चला, झ्याक झालं" म्हणून उठून गेलात. सकाळी ६ ला तुमच्या मुक्कामी गेले तर तुमची मंडळी गोविंदघाटला उतरून गेलेली.

आबा बरे आहेत, परत अजिंक्यतारा सुरू झालाय. तुमची शाल धुऊन घडी करून ठेवलीये, बाटली देवघरात आहे. आई कुणाला हात लावू देत नाही, काकांची आहे म्हणते. गावाकडं याल तेव्हा सातारा वाटेत लागतंच की, या घरी. कंदी पेढे घेऊन स्टँडवर न्यायला आबाच येतील.

तुमची,
साताऱ्याची पोरगी