शिबिरं पुरे, रविवारचे दोन तास द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्यंतरी तुमच्या पेपरात ज्येष्ठांसाठी झालेल्या डिजिटल साक्षरता शिबिराची बातमी आली होती, फोटोसकट. समोर प्रोजेक्टर, खुर्च्यांवर आजी-आजोबा, शेवटी सर्टिफिकेट वाटप. कुणाच्या कामाला नावं ठेवायची नाहीयेत मला, पण अशा शिबिरांना जाऊन आलेलेच लोक नंतर आमच्याकडे येतात आणि फोनवरची अक्षरं मोठी कशी करायची इथपासून विचारतात, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे म्हणजे गावातल्या वाचनालयात. आम्ही काही जण रविवारी सकाळी तिथे बसतो, ज्याला फोनमधलं काही अडलंय त्याने यायचं, फी वगैरे काही नाही. अभ्यासक्रम पण नाही. कुणाचा फोन गुड मॉर्निंगच्या फोटोंनी गच्च भरलेला असतो, कुणाला सातबारा काढायचा असतो, कुणाला नातवाला व्हिडिओ कॉल लावायचा असतो. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीच्या वेळी तर रांगच लागली होती, आणि बऱ्याच जणींचं गाडं एकाच ठिकाणी अडायचं, आधारला जोडलेला नंबर मुलाचा, मुलगा पुण्यात ड्युटीवर, तो फोन उचलेपर्यंत ओटीपी गेलेला. आता हे प्रोजेक्टरवर कोण शिकवणार?

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. २०१७ मध्ये पीएमजीदिशा ही केंद्राची डिजिटल साक्षरतेची योजना आली, ग्रामीण भागातल्या ६ कोटी घरांमधून एकेक माणूस शिकवायचा, २० तासांचा कोर्स, शेवटी परीक्षा. कल्पना चांगलीच होती. पण वयाची अट काय होती, तर १४ ते ६०. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज तेच बाहेर! साठीच्या पुढच्या माणसाला पेन्शन आहे, बँक आहे, दवाखान्याचा नंबर ऑनलाइन लावायचाय, आणि मुलं बाहेरगावी.

माझा अनुभव असा की या लोकांना येत नाही हा प्रश्न छोटा आहे, भीती हा मोठा. चुकून काही दाबलं गेलं आणि पैसे गेले तर? त्यात रोज फसवणुकीच्या बातम्या, डिजिटल अरेस्ट (व्हिडिओ कॉलवर खोट्या पोलिसांनी अटकेची भीती घालणं) काय, व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये भलतंच ॲप बसवणारी) काय, आणि घरातली मुलं पण वैतागून म्हणतात की बाबा तुम्ही कशालाच हात लावू नका. मग ते खरंच हात लावत नाहीत. भीती घालून माणूस सावध होत नाही हो, तो नुसता परावलंबी होतो, आणि मग कुणी गोड बोलून फोन मागितला की त्याच्याच हातात देतो.

म्हणून आम्ही भाषण न देता करून घेतो. शेजारी शेजारी बसलेल्या दोन काकांनी एकमेकांना एक रुपया पाठवायचा, मग दुसऱ्याने तो परत पाठवायचा. दोनचार वेळा केलं की पिन कधी टाकायचा ते बोटांना कळतं. पैसे येताना पिन लागत नाही, जाताना लागतो, आणि पैसे मिळवायला कधीच कोड स्कॅन करावा लागत नाही, एवढं एक डोक्यात बसलं तरी ओएलएक्सवर जुना सोफा विकायला काढला की "पैसे पाठवतो, कोड स्कॅन करा" म्हणून होणारी फसवणूक टळते. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, असा कायदाच नाही, हे पण सांगतो. आणि ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करायचा १९३० हा नंबर प्रत्येकाच्या वहीत त्यांच्याच अक्षरात लिहून घेतो. पैसे गेले तर लाजत बसू नका, जितक्या लवकर फोन कराल तितके पैसे अडवायचे चान्सेस जास्त.

आता आमच्याकडे मदतीला येणाऱ्या तरुण मुलांबद्दल. पोरं हुशार असतात, मनाने पण चांगली, पण सवय एकच, काकूंच्या हातातून फोन घ्यायचा, फटाफट काहीतरी करायचं आणि "झालं बघा" म्हणून परत द्यायचा. काकूंना काय कळलं, तर काही नाही, पुढच्या रविवारी त्या परत हजर. त्यामुळे आमचा पहिला नियम, फोन काकूंच्याच हातात राहील, आपण फक्त सांगायचं, कितीही वेळ लागो. पिन टाकताना तोंड फिरवायचं, आधारचा फोटो आपल्या फोनमध्ये घ्यायचा नाही, आणि एकट्याने कुणाच्या घरी जायचं नाही. हे जरा जास्त वाटेल, पण विचार करा, अनोळखी मुलगा दारात येऊन "आजी फोन द्या, मदत करतो" म्हणाला तर ते नेमकं तेच झालं ज्यापासून आपण त्यांना सावध करतो. वाचनालय बरं पडतं ते यासाठीच, तिथले लोक ओळखीचे असतात, चार माणसं समोर असतात.

कॉलेजांमधली एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) १९६९ पासून आहे, त्यात मुलांनी वर्षाला १२० तास काम करायचं असतं. त्यातले काही तास कॉलेजांनी गावातल्या वाचनालयाला किंवा ज्येष्ठ नागरिक संघाला का देऊ नयेत? रस्ता झाडतानाचा फोटो चांगला येतो मान्य आहे, पण एक मुलगा सहा महिने त्याच चार आजोबांबरोबर बसला तर ते आजोबा पुढे शेजाऱ्यांना शिकवतात, हे मी बघितलंय. आणि पोरांची पण मराठी सुधारते, हा बोनस. प्राचार्यांनी मनावर घेतलं तर एका पत्रात होणारं काम आहे.

तुमच्या पेपरला पण एक विनंती, फसवणुकीची बातमी छापता तेव्हा खाली दोन ओळीत १९३० छापत जा, ठळक अक्षरात, दर वेळी. आणि जीवन प्रमाणपत्राचा, म्हणजे पेन्शनसाठी दरवर्षी द्यायच्या हयातीच्या दाखल्याचा, सीझन असतो, केंद्राच्या पेन्शनरांमध्ये ८० च्या वरच्यांचं १ ऑक्टोबरपासून सुरू होतं, बाकीच्यांचं नोव्हेंबरात. चेहरा दाखवून घरच्या घरी फोनवरून होतं ते, पण उजेड नीट पडला नाही किंवा डोळे मिचकावायचे राहिले की ॲप नापास करतं, आणि दोनदा नापास झालं की माणूस परत बँकेच्या रांगेत जाऊन उभा राहतो. आमच्याकडे खिडकीजवळची जागा आहे, वायफाय आहे, खुर्च्या आहेत, माणसं कमी आहेत. कॉलेजची मुलं, रिटायर झालेले शिक्षक, बँकवाले, ज्यांना फोन बरा जमतो आणि धीर आहे अशा कुणीही आपापल्या गावच्या वाचनालयात जाऊन विचारावं. ग्रंथपाल नाही म्हणणार नाहीत.

आपला,
एक वाचक, सातारा जिल्हा