केपला वळसा घालून आलेली द्राक्षे

रॉटरडॅम,
२४ मार्च २०२४

तीर्थरूप अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार.

निर्यातीच्या द्राक्षांना व्यापारी यंदा दर पाडून का मागतो आहे, असे तुम्ही परवा फोनवर विचारलेत. तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या नोव्हेंबरपासून येमेनमधले हूथी बंडखोर तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले करीत असल्यामुळे बहुतेक मोठ्या कंपन्यांनी सुएझ कालव्याचा रस्ता सोडला आहे. न्हावा शेव्याहून निघालेला माल आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा घालून इथे पोहोचतो आणि त्यात १० ते १४ दिवस अधिक जातात. जादा इंधन लागते ते वेगळेच. पण प्रत्येक जहाज समुद्रात जास्त दिवस गुंतून पडते, त्यामुळे जहाजावरची जागा आणि रिकामे कंटेनर दोन्ही कमी पडतात आणि भाडे खरे चढते ते या टंचाईने.

मंगळवारी आमच्या गोदामात नाशिकचा एक रीफर, म्हणजे थंड ठेवणारा, कंटेनर उघडला. तापमानाची नोंद बिनचूक होती, बुरशी रोखणारे सल्फरचे पॅड जागच्या जागी होते, तरीही पनेट (द्राक्षांचा छोटा प्लास्टिकचा डबा) उचलल्यावर देठ तपकिरी पडलेले आणि तळाशी सुटे मणी दिसले. द्राक्ष गोडच होते, पण इथला खरेदीदार आधी देठ पाहतो. तो सगळा माल ठरलेल्या दराऐवजी पडेल भावाने गेला. ही तूट शेवटी कोणाच्या बांधापर्यंत येते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

बर्लिनजवळचा टेस्लाचा कारखाना याच वळशापायी सुटे भाग न पोहोचल्यामुळे जानेवारीअखेर दोन आठवडे बहुतांशी बंद राहिला. पण कारखाना पुन्हा सुरू होतो, द्राक्षाला थांबता येत नाही. इजिप्तची स्थिती मला याहून बिकट वाटते. कालव्याचा टोल ही त्या देशाची डॉलरची मोठी कमाई, आणि जानेवारीत ती जवळजवळ निम्म्यावर आली. डॉलरची चणचण तिथे आधीपासूनच होती. ६ मार्चला सरकारने चलनाचा दर बाजारावर मोकळा सोडला तेव्हा ३१ इजिप्शियन पौंडांचा डॉलर ५०च्या आसपास गेला. गहू बाहेरून आणणाऱ्या देशात याचा भार पिठाच्या भावावर पडणारच.

म्हणून खालच्या प्लॉटचा सौदा जागेवरच्या दरानेच आणि लेखी करा. ‘माल रॉटरडॅमला उतरल्यावर हिशेब करू’ म्हणणाऱ्याला देऊ नका. वाटेतल्या वाढीव दिवसांची सगळी जोखीम तुमच्या अंगावर येईल. दर जमलाच नाही, तर बेदाण्याला घाला.

आईस साष्टांग नमस्कार.

तुमचा,
धाकटा