गोळी चालू आहे, कामाचं काय?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

परवाच्या अंकातला मानसिक आरोग्यावरचा लेख वाचला. चांगला होता, डॉक्टरांचा फोटोपण चांगला होता. पण त्याच अंकात पान पाचवर 'वेडसर तरुणाचा बसस्टँडवर धुमाकूळ' हे कुणी लिहिलं हो? माझ्या धाकट्या भावानंच ते मला वाचून दाखवलं, चहा पिता पिता, आणि वर म्हणतो, ताई, ह्याच्या गोळ्या चुकल्या असतील बघ. निदान खाली टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा, 14416 नंबर तरी छापायचा.

लेख 'गोळ्या वेळेवर घ्या' इथंच संपतो. आमच्या ह्याच भावाला स्किझोफ्रेनिया होऊन अकरा वर्षं झाली, गोळी कधी चुकत नाही, कानात आवाज यायचे ते केव्हाच बंद झाले. मग पुढं? काजू फॅक्टरीत पोती मोजून लिहायला लागला होता, हिशोबात एक पोतं इकडचं तिकडं नाही. पण गोळ्यांनी हात थरथरायचा, चहासुद्धा अर्धाच कप द्यायला लागायचा, आणि सकाळी डोळ्यावर झापड म्हणून दहाला येऊ का विचारलं तर मालकानं कसल्या गोळ्या ते विचारलं आणि ह्या शहाण्यानं खरं सांगितलं. शनिवारचा पगार हातात दिला, सोमवारपासून येऊ नको. कुणी ओरडलं नाही, काही नाही, अगदी गोडीत. नंतर धारवाडच्या डॉक्टरांनी गोळी बदलली, हात बराच थांबला, पण काम गेलं ते गेलंच.

अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात हा आजार अपंगत्वात धरलाय, मानसिक आरोग्याच्या 2017 च्या कायद्यात तर हाफवे होमसुद्धा आहे, म्हणजे दवाखाना आणि घर ह्यांच्या मधला निवारा, कागदावर आपल्याकडं काय कमी नाही. मंगळवारी तालुक्याला कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य ह्या मानसिक आजारांच्या योजनेची ओपीडी असते, गोळ्या मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. बाकीचे सहा दिवस त्यानं कट्ट्यावर बसून करायचं काय, तेवढं त्या लेखवाल्या डॉक्टरांना विचारा.

आणि अपंगत्वाच्या दाखल्याला गेलो तर अर्ज नुसता कन्नडमध्ये, आईला एक अक्षर लागेना. हे रडगाणं तुम्हाला नवीन नाही म्हणा. शेवटी रांगेतल्या एका कन्नड काकांनीच भरून दिला, त्यांचापण मुलगा तसाच.

पत्र छापलंत तर नाव घालू नका. पुतणीची सोयरीक चाललीय.

एक वाचक, बेळगाव जिल्हा