चि. छकुलीस

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन कट झाला नव्हता, मी ठेवला होता. पप्पांना रेंज गेली म्हणून सांगितलं. टीबी झालेल्या त्या बाईला तू घरात ठेवून घेतलंस हे ऐकून “तिला आजच्या आज दुसरीकडे हलव,” असं मी बोलून गेले आणि तू एकदम गप्प झालीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

हे पत्र लिहायला तिसऱ्यांदा बसले आहे. पहिली दोन फाडली, कारण त्यांत नुसता टीबीच होता. या पत्रात आजाराबद्दल अक्षर काढायचं नाही असं ठरवलंय. फक्त एक विचारते. ती झोपते त्या खोलीची खिडकी रात्री उघडी असते ना?

तू म्हणालीस, “आई, तिच्या घरच्यांनी तिची पिशवी जिन्यात आणून ठेवली, मग मी काय करायचं होतं?” उत्तर मला पाठ होतं गं. बायबलमधला मत्तयाचा पंचविसावा अध्याय मी तेवीस वर्षं संडेस्कूलमध्ये शिकवला. परका होतो, मला घरात घेतलंत. आजारी होतो, समाचाराला आलात. ओळी चुकल्या की मुलांना उभं करायचे. तुलाही केलंय. आणि परक्याला खरोखर घरात घेतलंस, तेव्हा तुझ्या आईनं फोन ठेवून दिला.

माझ्या धाकट्या मावशीला टीबी झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तिला मागच्या खोलीत ठेवलं होतं. मी रोज जायचे, पण उंबऱ्यापर्यंतच. तिथूनच एक स्तोत्र वाचायचे, “आम्ही सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतोय” म्हणायचे आणि वळायचे. एकदा ती म्हणाली, “वाचू नकोस, नुसती इथं बस.” मी बसले नाही. याकोबाच्या पत्रातला तो माणूस आठव, उघड्या माणसाला ‘सुखानं जा, ऊब घे’ म्हणून वाटेला लावणारा. तो भाग शिकवताना मी दरवेळी जरा घाईनं पुढं जायचे. तुझ्या आजीनं मला याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही, आणि तेच जास्त लागलं.

तेव्हा कुणाला नीट माहीतही नव्हतं. तिची ताटवाटी वेगळी, टॉवेल वेगळा, कपडे वेगळे उकळायचे. मंगळवारी डॉक्टरांकडे जाऊन बसले, तेव्हा कळलं की भांड्याकपड्यांतून हा आजार येतच नाही. तो खोकल्यातून, हवेतून येतो. म्हणजे जिची भांडी आम्ही वेगळी ठेवली, तिची खिडकी मात्र आम्ही वारा लागेल म्हणून बंद ठेवत होतो. आता कळलं ना मी खिडकीचं का विचारते?

डॉक्टर म्हणाले, साध्या टीबीवर औषधं लागू पडली की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाची भीती पुष्कळ कमी होते. पण ‘साधा’ आहे हे तपासून घ्यावं लागतं. काही जंतू नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत. तिचा तो रिपोर्ट तू स्वतः बघितलास का? सहा महिने एकही गोळी चुकता कामा नये, आणि पहिल्या दोन महिन्यांनी पुन्हा थुंकी तपासायची. बरं वाटायला लागलं की लोक औषध सोडतात, तिथंच घात होतो. तू स्वतःची तपासणी केलीस का? एका घरात राहणाऱ्यांनाही, गरज असेल तर, आजार होऊ नये म्हणून गोळ्या देतात. आणि खोकताना तिनं तोंडावर...

झालं माझं सुरू. क्षमा कर. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

हवाईतल्या मोलोकाई बेटावरच्या फादर डेमियनची गोष्ट मी किती रंगवून सांगायचे, आठवतं? १८७३ मध्ये कुष्ठरोग्यांच्या त्या वस्तीत गेले, त्यांच्यासाठी घरं बांधली, जखमा धुतल्या, शेवटी तोच आजार होऊन १८८९ मध्ये वारले. एकोणपन्नास वर्षांचे होते. मी ‘केवढं प्रेम!’ म्हणायचे आणि तुम्ही मुलं डोळे मोठे करून बघायचात. एवढ्या वर्षांत एकदाही मनात आलं नाही की त्यांनाही आई असेल. आता रात्री तिचाच विचार येतो. पंडिता रमाबाईंचाही येतो. दुष्काळातल्या किती मुली त्यांनी आणल्या, सांभाळल्या, आणि त्यांची मुलगी मनोरमा त्यांच्या आधी, १९२१ मध्ये गेली. बाई पुढच्याच वर्षी गेल्या. मला तेवढा विश्वास नाही, छकुली. खोटं कशाला बोलू?

तुला चौथीतलं, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचं नाटक आठवतं का? तू जखमी वाटसरू होतीस, कपाळाला पट्टी. नाटक संपल्यावर सगळे टाळ्या वाजवत होते आणि तू मला विचारलंस, “शोमरोनी तर सकाळी निघून गेला, मग माझ्याजवळ कोण बसलं?” मी म्हटलं, उतारशाळेचा मालक. “त्याचं काम कुणी का केलं नाही नाटकात?” मी हसण्यावारी नेलं. परवा लूकचं शुभवर्तमान पुन्हा काढून वाचलं. तो शोमरोनी जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, रात्रभर सांभाळतो, आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार मालकाच्या हातात ठेवतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. वर लागेल ते येताना देईन म्हणतो आणि आपल्या कामाला जातो. त्यानंही सगळं एकट्यानं केलं नाही. मग तू का करतेस? तुझ्या तिथल्या चर्चच्या मंडळीला सांगितलंस का? पाळकांना? आळीपाळीनं बसायला कुणी येईल की. निदान एक रात्र तरी तू नीट झोपशील. ‘मीच करीन’ यात प्रेम असतं, तसा थोडा हट्टही असतो, आणि तो तू कुणाकडून घेतलास हे पप्पा मला रोज ऐकवतात.

महिला मंडळात काल प्रार्थनेचे विषय विचारले. मी उभी राहिले, पण गुडघ्याचं सांगून खाली बसले. तुझं नाव घेतलं असतं तर अभिमानानं घेतेय की भीतीनं, ते माझं मलाच कळलं नसतं. पप्पांनी मात्र सांगून टाकलं. बायका रडल्या, एकजण म्हणाली पोरगी असावी तर अशी. मला तिचा रागच आला.

दोन जाड पांघरुणं पाठवतेय. हिरवं माझं आहे, ते तिला दे. उघड्या खिडकीशी थंडी वाजेल.

आणि तिचं नाव कळव. तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. प्रार्थनेत ‘ती बाई’, ‘ती बाई’ म्हणते तर जीभ अडखळते. एखाद्या दिवशी तिला फोनवर दे. काय बोलेन माहीत नाही, स्तोत्र तर नक्की वाचणार नाही.

पप्पांचा सलाम. तपासणीचा रिपोर्ट आला की आधी मला सांग, त्यांना नंतर.

तुझी,
आई