निफाड गारठलं की गाडीच्या ऑईलचंही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निफाडचा पारा उतरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा आपल्या अंकात ठळक येतो. द्राक्षमणी तडकतील का, बागेत शेकोट्या कुणी पेटवल्या, हे सविस्तर असतं आणि असायलाच हवं. आमच्या घरचीही दोन एकर बाग आहे. पण त्याच पहाटे लासलगाव-पिंपळगावला माल भरायला आलेल्या जुन्या गाड्यांचे चालक सेल्फवर सेल्फ मारत असतात. त्यांच्यासाठी चार ओळी कधी दिसल्या नाहीत, म्हणून हे पत्र.

माझी गाडी म्हणजे टाटा १६१३ ट्रक, २००३ चा, सहा सिलिंडरचं कमिन्स इंजिन. आता ती जिल्ह्याबाहेर फारशी जात नाही, पण जानेवारी २०१२ मध्ये मी ती कांदा घेऊन श्रीनगरला नेली होती. त्याआधी दिवाळीच्या सुमारास इंजिन थोडं ऑईल खाऊ लागलं होतं, गरम झालं की ऑईल प्रेशरचा काटा खाली यायचा. मिस्त्री म्हणाला, "जुनी गाडी आहे, जाड घाला." २०डब्ल्यू-५० हे जाड ऑईल भरलं. काटा वर आला, मी खूश. त्याच ऑईलवर इंदूरच्या आणि दिल्लीच्या फेऱ्या केल्या, बदलायची वेळ उलटली, तरी "एवढी फेरी होऊ दे" म्हणत श्रीनगर गाठलं.

परतताना सफरचंद भरलं आणि काश्मीर खोऱ्याच्या टोकाला काझीगुंडला अडकलो; बोगद्याकडचा रस्ता बर्फाने बंद. दोन रात्री इंजिन थंड. तिसऱ्या पहाटे सेल्फ मारला तर इंजिन रडत रडत फिरलं. ऑईलची काडी उपसून बघितली. काळं, काकवीसारखं, टोकाला थेंब धरला होता तो पडेचना. कसंबसं चालू झालं आणि पुन्हा बंद पडेल या धास्तीने मी ॲक्सिलेटर दाबून धरला. काटा शून्यावर चिकटलेला, माझं लक्ष मात्र आवाजाकडे. शेजारच्या गाडीतले वयस्कर सरदारजी धावत आले आणि ओरडले, आधी काटा बघ, मग पाय ठेव! तोवर व्हायचं ते झालं होतं. बनिहालचा उतार उतरेपर्यंत टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची, शिट्टी बदलली, धूर निळा झाला. जम्मूला नळी काढली तर टर्बोचा शाफ्ट बोटाने लटलट हलत होता. फेरीचं भाडं तिथेच गेलं.

आपल्याकडे 'डब्ल्यू' म्हणजे वजन असं सर्रास समजतात. तो विंटरचा डब्ल्यू आहे. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा गरम इंजिनातला, म्हणजे १०० अंशांवरचा. १५डब्ल्यू ऑईलमध्ये इंजिन फिरेल का, हे उणे २० अंशांवर तपासतात आणि ते पंपातून वाहील का, हे उणे २५ ला. २०डब्ल्यूसाठी हेच आकडे उणे १५ आणि उणे २०. मग काझीगुंडला एवढी थंडी नसताना माझी गाडी का अडली? कारण हे आकडे नव्या ऑईलचे. डिझेलची काजळी ऑईलमध्ये उतरत जाते तसं ते घट्ट होतं. मुळात जाड, त्यात काजळीने भरलेलं, त्यात गारठलेलं. ते चेंबरमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या टाकीतून, वर चढेपर्यंत टर्बो कोरडाच गरगरतो. आणि गरम इंजिनात प्रेशर पडत होतं ते बेअरिंग झिजल्याने. जाड ऑईलने काटा वर आला, झीज तिथेच राहिली.

म्हणून जुन्या गाडीसाठी माझं मत ठाम आहे: पुस्तकात दिलेलं १५डब्ल्यू-४० च घाला, डब्यावर सीआय-४ प्लस हा डिझेल ऑईलचा दर्जा बघून घ्या, आणि थंडी पडायच्या आत, नोव्हेंबरातच फिल्टरसकट बदला. काश्मीर-हिमाचलला जाणार असाल तर १०डब्ल्यू-४०. हल्ली नव्या गाड्यांचं ५डब्ल्यू-३० कुणी सुचवतं. थंडीत ते सुरेख वाहतं, पण मागचा ३० चा आकडा झिजलेल्या इंजिनाला पुरत नाही; गरम झालं की काटा बसतो. आणि चेंबरखाली डिझेलचा पेटता बोळा धरण्याचा प्रकार कृपा करून बंद करा. वायरिंग आणि डिझेलच्या नळ्या तिथेच असतात.

नवा चालक कामाला आला की मी एक करतो. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घेतो, एकीत २०डब्ल्यू-५०, दुसरीत १५डब्ल्यू-४०, वर बोटभर जागा सोडून बूच घट्ट लावतो आणि रात्रभर गच्चीवर ठेवतो. पहाटे पाच-सहा अंशांत दोन्ही एकदम उलट्या करायच्या. एकीतला हवेचा बुडबुडा वर पोचतो, तेव्हा दुसरीतला निम्म्या वाटेवर रांगत असतो. गेल्या पौषात बाभूळगावच्या एका पोराने ते पाहिलं आणि लगेच बॉनेट उघडून काडी उपसली, मला काही बोलावंच लागलं नाही.

आपल्याला विनंती एवढीच की, निफाडचा पारा दहाच्या खाली गेल्याची बातमी असेल त्या दिवशी द्राक्षबागेच्या सल्ल्याशेजारी गाडीवाल्यांसाठी एक छोटी चौकट द्या: कोणतं ऑईल, कधी बदलायचं, आणि काटा वर आल्याशिवाय ॲक्सिलेटरला पाय लावायचा नाही. ऑईलच्या कंपन्यांनीही डब्यावर त्या दोन आकड्यांचा अर्थ मराठीत छापावा. पंधरा-सोळा लिटर ऑईल विकत घेणाऱ्या माणसाला तेवढं वाचायला मिळायला हवं.

आपला,
एक ट्रकमालक, ता. निफाड, जि. नाशिक