हेमन स्वेट यांच्या अर्जाविषयी डॉ. पेंटर यांना खुले पत्र

प्रति,
डॉ. थिऑफिलस पेंटर,
तत्कालीन अध्यक्ष, टेक्सास विद्यापीठ, ऑस्टिन

महोदय,

फेब्रुवारी १९४६ मध्ये ह्यूस्टनचे कृष्णवर्णीय पोस्टमन हेमन स्वेट कायद्याच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज घेऊन आपल्याकडे आले. अर्जदार सर्वार्थाने पात्र आहे, अडचण केवळ त्याच्या वर्णाची आहे, असे आपण स्वतःच राज्याच्या ॲटर्नी जनरलना कळवलेत. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. त्यामुळे हा लढा मराठी वाचकाला परका नाही.

एका पदवीधराला वर्गात बसू देण्याऐवजी राज्याने कृष्णवर्णीयांसाठी अख्खे नवे विधी विद्यालय उभारायला घेतले, आधी ऑस्टिनमधल्या एका तळघरात आणि नंतर ह्यूस्टनमध्ये. त्या तळघरात जायला स्वेट यांनी नकार दिला आणि तो योग्यच होता. प्रवेशासाठी त्यांनी केलेला खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. न्यायालयाने तुलना केली तेव्हा आपल्या विधी ग्रंथालयात ६५,००० ग्रंथ होते, नव्या विद्यालयात सुमारे १६,५००. आपले विद्यार्थी ८५०, तिथले २३. मला मात्र न्यायालयाचे दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे वाटते: राज्यातील ज्या ८५ टक्के लोकांमधून बहुतेक वकील, साक्षीदार, ज्युरीचे सदस्य आणि न्यायाधीश येतात, त्यांच्यापासून तोडून दिलेले कायद्याचे शिक्षण समान ठरत नाही. ५ जून १९५० रोजी न्यायालयाने एकमताने स्वेट यांच्या बाजूने निकाल दिला.

वर्णानुसार वेगळे शिक्षण सक्तीचे करणाऱ्या टेक्सासच्या कायद्याने आपले हात बांधले होते, असे आपल्या बाजूने म्हणता येईल. परंतु शेजारच्या आर्कान्सास विद्यापीठाने १९४८ साली सायलास हंट या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला कोणत्याही न्यायालयीन आदेशाविना विधी शाखेत प्रवेश दिला. त्यांना वेगळ्या खोलीत शिकवले, ही त्या निर्णयातली लाजिरवाणी बाब. तरीही विद्यापीठाने मनावर घेतले तर प्रवेश देता येतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

आपल्याकडे मात्र चार वर्षे गेली आणि त्यांची किंमत स्वेट यांनीच मोजली. सप्टेंबर १९५० मध्ये ते वर्गात आले खरे, पण प्रकृती आणि संसार दोन्ही ढासळत गेले आणि १९५२ मध्ये पदवीविनाच त्यांना विद्यापीठ सोडावे लागले. पुढे अटलांटात त्यांनी समाजकार्याची पदवी घेतली. वकील होणे राहूनच गेले. ज्याला आपण स्वतः पात्र म्हटलेत, त्याच्याच खटल्यात त्याच्या विरुद्धची बाजू सर्वोच्च न्यायालयापर्यंत आपल्या नावाने लढवली गेली, ही माझी आपल्याविषयीची तक्रार आहे.

कळावे,
कायद्याचा एक मराठी विद्यार्थी