निळ्या गोळीआधी एक तास द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांमध्ये सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. गोळी उत्तम आहे, पण ती का आणि कशी घ्यायची हे वर्गात सांगितले नाही, तर ती दप्तरात राहते नाहीतर खिडकीबाहेर जाते.

उपाशीपोटी घेतली की मळमळते. एका मुलीला उलटी झाली की अख्खा वर्ग गोळीला नाही म्हणतो. आठवीपर्यंत शालेय पोषण आहार मिळतो, त्यानंतर लगेच द्यावी. नववीपासून डब्याच्या सुट्टीनंतर. बहुतेक शाळांचा गोळीचा वार सोमवार आणि श्रावणात मुलींचा उपवासही सोमवारीच. त्या महिन्यात सरळ मंगळवार धरावा. गोळी न चावता, पेलाभर पाण्यासोबत, शिक्षकांसमोरच गिळायची. शौचाला काळी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही, हे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.

आपल्याकडे चहा-भाकरीवर सकाळ निघते. चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, म्हणून जेवण आणि गोळी यांच्या आगेमागे तासभर तो नको. पोकळ्याच्या भाजीवर, वरणावर लिंबू पिळले तर तेच लोह जास्त शोषले जाते. रावेर-यावलकडे केळीने रक्त वाढते असा समज आहे. केळीत लोह नगण्य असते. गोळी फक्त मुलींची, हा आणखी एक गैरसमज. वाढीच्या वयात मुलांनाही ती तितकीच लागते. आणि पोटात आकडेकृमी रक्त पीत असतील तर नुसत्या लोहाने काय होणार? फेब्रुवारी आणि ऑगस्टमधली ४०० मिलिग्रॅमची जंतनाशक गोळी चावूनच खायला लावावी, आणि हे कृमी तळपायाच्या कातडीतून शिरतात, म्हणून अनवाणी शेतात जाऊ नये हेही सांगावे.

धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा या सातपुड्याच्या पट्ट्यात मात्र जपून. तिथे रक्त कमी असण्यामागे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही असू शकतो. वरचेवर सांधे ठणकणे, डोळे पिवळे दिसणे अशी लक्षणे असतील तर आधी तपासणी, मग डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लोह. वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या अंगात लोह आधीच जास्त साठलेले असू शकते. शाळेतली सिकलसेलची सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी फक्त संशय दाखवते. मूल वाहक (म्हणजे स्वतः आजारी नाही, पण आजार पुढच्या पिढीत जाऊ शकतो) की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या रक्ततपासण्यांनीच ठरते. निकाल वर्गात वाचून दाखवू नका, उद्या मुलीच्या सोयरिकीत तोच आडवा येतो. रुग्ण मुलांना कवायतीला उन्हात उभे करू नये, तासाच्या मध्येही पाणी पिऊ द्यावे.

शाळा उघडताच जूनमध्ये एक तास आणि दिवाळीनंतर एक तास, आरोग्यसेविकेला बोलावून एवढेच शिकवावे, ही शिक्षण विभागाला विनंती. नोंदवहीत ‘गोळी दिली’ एवढाच रकाना नको. ‘गिळली’ आणि ‘गिळली नाही, कारण’ असे दोन हवेत.

– खान्देशातील काही निवृत्त आरोग्यसेविका व विज्ञान शिक्षक